भिंतीवरचे बाबा

"अहो, तुम्ही वर काय करताय?"

बायको किंचाळली तेव्हा चार्टराव तिच्या शेजारीच, एक पाय डुगडुगणाऱ्या खुर्चीत, चहाचा कप सांभाळत बसले होते. त्यांनी आधी छताकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की तिचं बोट टीव्हीकडे आहे. टीव्हीवर एक तरुणी भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होती आणि तिच्या डोक्यावर, काळ्या चौकटीत, खुद्द चार्टराव होते. ओळखपत्राचा फोटो काढताना "हलू नका" म्हटल्यावर माणसाचा जो चेहरा होतो, तो चेहरा.

"तो फोटो आहे," चार्टराव म्हणाले.

"ते कळतंय मला. पण ती रडतेय कशाला?"

"मी गेलोय."

"कुठे?"

"गेलोय म्हणजे… वारलोय. मालिकेत. ती माझी थोरली मुलगी आहे."

"आणि हे मला तुम्ही आज सांगताय?"

यात नक्की काय सांगायचं राहिलं होतं, आपलं मरण की आपली मुलगी, हे चार्टरावांना कळेना. तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला, "ताई, शूऽऽ! पहिलाच भाग आहे. निदान घरातल्यांनी तरी ऐका."

हा आवाज मेहुण्याचा. तो आडवा होता. तो नेहमीच आडवा असे. बहिणीकडे चार दिवसांसाठी म्हणून आलेला हा तरुण लेखक होता आणि लेखकाला विचार करायला आडवं व्हावं लागतं, असं त्याचं म्हणणं होतं. दिवाणखान्यातल्या तीन माणसांच्या सोफ्यावर तो एकटा मावत असे, बाकीच्या जागेत त्याचे कागद, त्याचे मोजे आणि अर्धवट खाल्लेल्या बिस्किटांचे पुडे. हा सोफा चार्टरावांनी मोठ्या हौसेने आणला होता. खिडकीची झुळूक अंगावर येईल आणि टीव्ही बरोबर नाकासमोर राहील, अशा बेताने त्यांनी तो स्वतः सरकवून सरकवून लावला होता. दिवसभर राबून घरी यावं, त्याच्यावर अंग टाकावं, यापलीकडे त्यांचं आयुष्याकडे फारसं मागणं नव्हतं. आणि नेमकं तेवढंच मागणं मेहुण्याच्या अंगाखाली दबून गेलं होतं.

चार्टराव एका वाहिनीत कामाला होते. कोणता कार्यक्रम कोणत्या वारी किती वाजता लागणार, त्याचा आठवड्याचा चार्ट ते बनवत, म्हणून आधी कचेरीत, मग शेजारात आणि शेवटी सासरीसुद्धा त्यांचं नाव चार्टराव पडलं. त्यामुळे मेहुण्याची 'थोरली' ही मालिका जेव्हा त्यांच्याच वाहिनीने घेतली तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला. मेहुण्याने सगळ्यांसमोर शब्द दिला होता, "भावोजी, मालिकेला मुदतवाढ मिळाली की दुसऱ्या दिवशी खोली घेतो. मग हा सोफा तुमचा."

मुदतवाढीचा कायदा सोपा होता. नव्या मालिकेला तेरा आठवडे मिळत. लोकांनी पाहिली, तर ती वाढे. नाही पाहिली, तर शेवटच्या भागात निम्म्या माणसांची लग्नं लावत, उरलेल्यांना एका गाडीत बसवून दरीत ढकलत, आणि सोमवारपासून त्या जागी दुसरी मालिका सुरू. चार्टरावांनी आपल्या हाताने अशा किती मालिकांवर चार्टात रेघ मारली असेल, देव जाणे. कधी काही वाटलं नव्हतं. आता मात्र 'थोरली'चा चौकोन दिसला की ते पट्टी खणात ठेवून देत.

फोटोचं प्रकरणही त्यातूनच उद्भवलं. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी सेट लावणारा माणूस धापा टाकत त्यांच्या टेबलाशी आला. थोरलीच्या स्वर्गवासी बाबांचा फोटो म्हणून ज्या नटाला ठरवलं होतं, तो ऐन वेळी रुसला होता. श्रेयनामावलीत त्याला नायिकेच्या आधी नाव हवं होतं.

"कोणाचाही चालेल," सेटवाला म्हणाला. "फक्त भला माणूस दिसला पाहिजे. आणि जरा… गेल्यासारखा वाटला पाहिजे."

असं म्हणून त्याने सगळ्या कचेरीवरून नजर फिरवली आणि ती चार्टरावांवर येऊन थांबली. चार्टरावांना राग आला. पण फोटोवाचून चित्रीकरण अडेल, चित्रीकरण अडलं तर मालिका अडेल, आणि मालिका अडली तर सोफा. त्यांनी मुकाट्याने ओळखपत्राचा जुना फोटो काढून दिला. चौकटीतला फोटो कोण बघतंय, असं त्यांना वाटलं. एवढी वर्षं टीव्हीच्या धंद्यात काढून त्यांना असं वाटावं, हे नवलच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्यांनी चार्टरावांकडे पाहून डोळ्याला पदर लावला. "काल तुम्ही गेलात, फार वाईट वाटलं हो. पोरगी एकटी पडली."

"मी इथेच आहे, काकू."

"तुम्ही असाल. पण तिला काय उपयोग?"

संध्याकाळी बायकोबरोबर ते वाणसामान आणायला गेले, तर दुकानात एका अनोळखी बाईने बायकोचा हात हातात घेऊन "धीर धरा" म्हटलं आणि तिला रांगेत पुढे जाऊ दिलं. चार्टराव तिच्यामागे पिशवी धरून उभे होते. त्यांना मात्र त्याच बाईने रांगेच्या शेवटी पाठवलं. बायको आधी रागावली होती, पण दोन-चार ठिकाणी अशी पुढे गेल्यावर तिचा राग निवळला.

हे सगळं असलं तरी आकडे वाईट होते. दर गुरुवारी वाहिनीत आकड्यांचा कागद येई आणि कोणती मालिका किती लोकांनी पाहिली ते कळे. 'थोरली' तळाला होती. माशांवरचा एक माहितीपट सतत दाखवून दाखवून गुळगुळीत झाला होता, तोसुद्धा तिच्या वर होता. चूक वेळेची आहे, हे चार्टरावांनी ताडलं. संध्याकाळी सहाला माणसं एकतर घरी पोचलेली नसतात, नाहीतर पोचून एकमेकांवर ओरडत असतात. त्यांनी वाहिनीच्या मॅडमना गाठलं आणि 'थोरली'ला लोकप्रिय प्रश्नमंजूषेच्या पाठोपाठ लावून घेतलं. प्रेक्षक निवड करतो, असा मॅडमचा सिद्धांत होता. प्रेक्षकाला रिमोट सापडत नाही, हा चार्टरावांचा.

चार्टरावांचा खरा ठरला. आकडा वर सरकला. पण बैठकीत मॅडमनी आलेख पडद्यावर लावला, तेव्हा सगळेच बुचकळ्यात पडले. दुष्ट काका थोरलीचं छत्र्यांचं दुकान बळकावायला येतो तिथे रेघ खाली. नायक थोरलीचा हात धरतो तिथे आणखी खाली. मग प्रत्येक भागात एका ठिकाणी रेघ टुणकन वर जाई आणि लगेच खाली येई.

"इथे काय होतं?" मॅडमनी त्या टोकावर पेन ठेवला.

दिग्दर्शकाने कागद चाळले. "इथे काही होत नाही, मॅडम. दिवस संपतो आणि ती भिंतीशी बोलते."

"भिंतीवर काय आहे?"

सगळे हळूच वळून एकाच दिशेला बघायला लागले.

"मी आहे," चार्टराव अपराध्यासारखे म्हणाले.

मॅडमचा स्वभाव शंका ठेवणारा नव्हता. त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात प्रेक्षकांचा एक गट बोलावला. अशा वेळी दहा-बारा साधी माणसं एका खोलीत बसवतात, त्यांना भाग दाखवतात, बिस्किटं देतात आणि कोण आवडलं, कोण नाही, ते विचारतात. काचेपलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून वाहिनीची माणसं ऐकत असतात. चार्टराव मॅडमच्या मागे उभे राहून ऐकत होते.

"सगळ्यात आवडतं पात्र कोणतं?" विचारणाऱ्या मुलीने सुरुवात केली.

"बाबा," एक जाड चष्म्याच्या बाई म्हणाल्या.

"भिंतीवरचे? पण ते तर काही बोलत नाहीत."

"म्हणूनच."

"ऐकून घेतात बिचारे," दुसरी म्हणाली. "मधेच 'मीठ कमी आहे' म्हणत नाहीत."

"नजर किती शांत आहे," तिसरी म्हणाली. "आमच्या घरी असं कोणी दोन मिनिटं बघेल तर शपथ."

कोपऱ्यातल्या एका गृहस्थांनी घसा खाकरला. "माणूस फार समजूतदार होता. लवकर गेला."

काचेमागे चार्टरावांना विचित्र वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच इतकी माणसं त्यांच्याबद्दल बरं बोलत होती आणि त्यासाठी त्यांना काहीच करावं लागलं नव्हतं, मरण्याखेरीज.

मॅडमनी तिथल्या तिथे निर्णय दिला. "बाबा जिवंत परत येतील. तरच मुदतवाढ. आणि तीसुद्धा आधी तात्पुरती, आकडे बघून पुढचं ठरवू."

"पण मॅडम, मला अभिनय येत नाही."

"फोटोत येतो ना? मग हलताना का नाही येणार?"

घरी मेहुणा सोफ्यावर उठून बसला. त्याला बसलेला बघून बायकोला वाटलं, याला बरं नाही.

"सोपं आहे, भावोजी. बोट बुडाली होती. प्रेत मिळालंच नव्हतं."

"अरे, पण पहिल्याच भागात ती म्हणते की बाबांनी माझ्या मांडीवर प्राण सोडला."

"ते कोणाला आठवतंय?"

"मला आठवतंय. मी पाहिलंय."

"तुम्ही गेलेले होतात तेव्हा. तुम्ही कसं पाहिलंत?"

यात कुठेतरी गफलत आहे एवढं त्यांना जाणवत होतं, पण कुठे ते हाताला लागत नव्हतं. मेहुण्याने कपाळाला पेन लावलं. "बरं, असं करू. मांडीवर गेले ते तुमचे जुळे भाऊ."

"मग भिंतीवर कोण आहे?"

"तेच. म्हणजे तुम्ही. म्हणजे… बघू. तुम्ही आता डोकं लावू नका, भावोजी, तुम्हाला फक्त दारातून आत यायचंय."

दारातून आत येणं इतकं अवघड असतं याची चार्टरावांना कल्पना नव्हती. आपल्या घरी ते रोज यायचे, पण तिथे समोर दिवे, तारा आणि श्वास रोखून उभी असलेली तीस माणसं नसत. सेटवर छत्र्यांच्या दुकानामागे थोरलीचं घर उभं केलं होतं. भिंतीवर स्वतःचा फोटो, खाली थोरली डोळ्यांत ग्लिसरीन घालून तयार. चार्टरावांनी दारात उभं राहून म्हणायचं होतं, "पोरी, मी आलो."

पहिल्यांदा ते म्हणाले, "पोरी, मी येऊ का?"

दुसऱ्यांदा त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली आणि ते "अरे, हा मी" असं म्हणून थांबले. तिसऱ्यांदा वाक्य बरोबर आलं, पण दार उघडण्याआधीच. दिग्दर्शक सभ्य माणूस होता. त्याने चार्टरावांना बाजूला घेतलं, पाणी पाजलं आणि म्हणाला, "साहेब, पाठ केलेलं विसरून जा. तुम्ही घरी आल्यावर जे बोलता, जसं बोलता, तसंच बोला. अगदी सहज."

हा सल्ला चांगला होता. म्हणूनच त्याने घात केला.

चार्टराव दारातून आत आले. थोरली "बाबा!" असा टाहो फोडून धावली. चार्टरावांनी चपला काढल्या, खोलीभर नजर टाकली आणि म्हणाले, "हा दिवा कोणी चालू ठेवलाय?"

"उत्तम!" दिग्दर्शक ओरडला. "अस्सल!"

तो भाग लागला तेव्हा काकूंनी जिन्यातच त्यांच्या हातावर साखर ठेवली. "आलात! जीव भांड्यात पडला बघा." आकड्यांनी त्या आठवड्यात वाहिनीचं छप्पर गाठलं. मेहुणा एका खोलीचं बघूनसुद्धा आला. त्याने सोफ्याखालची बॅग बाहेर काढली, तिच्यात मोजे भरले. त्या संध्याकाळी चार्टरावांनी सोफ्याच्या रिकाम्या झालेल्या एका कोपऱ्यावर, अगदी कडेला, टेकूनसुद्धा बघितलं. आपल्याला रडू येतं की काय, असं त्यांना वाटलं.

पण पुढच्या भागांत बाबा घरातच होते आणि बोलत होते. थोरलीने दुकानाचं दुःख सांगायला घ्यावं आणि बाबांनी विचारावं, "माझा टॉवेल कुठे गेला?" तिने नायकाबद्दल सांगावं आणि बाबांनी म्हणावं, "ते होईल सगळं. आधी जेवायला वाढ." दिग्दर्शकाला यात अस्सलपणा दिसत होता. चार्टरावांची बायको मात्र घरी टीव्हीपुढे बसून हळूहळू गंभीर होत चालली होती.

"हे वाक्य मी कुठेतरी ऐकलंय," ती एकदा म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "हेही."

गुरुवारचा कागद आला. 'थोरली' पुन्हा माशांच्या खाली. मॅडमनी तोच प्रेक्षकांचा गट परत बोलावला. जाड चष्म्याच्या बाई या वेळी बिस्किटाला हातही लावत नव्हत्या.

"फसवलंत तुम्ही आम्हाला," त्या म्हणाल्या. "किती गुणी वाटला होता. तोंड उघडलं आणि आमच्या ह्यांच्यासारखाच निघाला."

"असा एक आमच्या घरी आहेच," दुसरी म्हणाली. "तो बघायला वेगळा टीव्ही कशाला लावू?"

"गेला होता तेच बरं होतं," कोपऱ्यातल्या गृहस्थांनी मान हलवली. "पण आता आलाय तर काय करणार? परत मारलात तर आम्ही बघणंच सोडू. माणूस काय सारखा मारायचा असतो?"

काचेमागे चार्टराव हिशोब मांडत होते. लोकांना आपण जिवंत नको होतो आणि मेलेलेही चालणार नव्हतो. मग आपण असायचं तरी कसं? घरी आले तर मेहुण्याने बॅगेतले मोजे परत सोफ्यावर मांडले होते आणि तो मोठ्या शांतपणे आडवा झाला होता.

"होतं असं, भावोजी," त्याने त्यांचीच समजूत घातली. "दुसरी मालिका लिहीन. मला काही घाई नाही."

हे ऐकून चार्टरावांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. आज 'थोरली'वर रेघ मारायला सांगणार, हे त्यांना कळून चुकलं होतं. काय बोलावं, कसं विनवावं, काही सुचेना. ते समोरच्या खुर्चीत बसले आणि नुसते बघत राहिले.

"तुमची चूक नाही म्हणा," मॅडम म्हणाल्या. "माझीच. मला वाटलं होतं, लोकांना माणूस हवाय." त्या थांबल्या. चार्टराव बघत होते. "माझ्यावरही वरून दडपण असतं हो. रोज कोणीतरी विचारतं, आकडा का पडला. मला काय माहीत का पडला? मी काय पाडला?" चार्टराव बघत होते. "घरी गेलं की आई विचारते, जेवलीस का. जेवले नाही म्हटलं की रागावते, जेवले म्हटलं की कुठे म्हणून विचारते. गुडघा दुखतोय माझा महिनाभर. कोणाला सांगितलं नाही अजून. सांगितलं की लोक तेल सुचवतात."

चार्टरावांच्या डोक्यात सोफ्याशिवाय काही नव्हतं. मॅडमनी मग शाळेतल्या एका मैत्रिणीबद्दल सांगितलं, ती बोलेनाशी का झाली ते सांगितलं, डोळे पुसले, नाक पुसलं, आणि एकदम टेबलावर हात आपटला.

"हेच! अहो, हेच हवं होतं!"

"काय?" चार्टराव दचकले.

"बोलू नका! बिघडवू नका!" मॅडमनी दिग्दर्शकाला फोन लावला. "बाबांची वाचा गेली. हो, धक्क्याने. कसला धक्का ते लेखकाला विचारा. घरात बसतील, बघतील, ऐकतील. एक अक्षर बोलायचं नाही. टॉवेलसुद्धा मागायचा नाही."

धक्का सोपा निघाला. जुळा भाऊ आपल्या जागी मेल्याचं कळल्यावर बाबांची वाचा जाणं अगदी स्वाभाविक होतं, असं मेहुणा म्हणाला. चार्टरावांनी आता प्रश्न विचारणं सोडून दिलं होतं. ते रोज सेटवर जात, नेमून दिलेल्या जागी बसत आणि थोरली बोले तिकडे बघत. सुरुवातीला त्यांच्या डोक्यात पुढच्या आठवड्याचा चार्ट चालू असे. हळूहळू कधीकधी कानावर शब्दही पडू लागले. आकडा असा चढला की मॅडमनी कागद उलटसुलट करून तपासला. जाड चष्म्याच्या बाईंनी तिसऱ्या खेपेला सगळी बिस्किटं संपवली आणि म्हणाल्या, "आता कसा माणसात आला." 'थोरली'ला मुदतवाढ मिळाली आणि ती कुठपर्यंत, तर लोक कंटाळेपर्यंत. त्या आठवड्याचा चार्ट करताना चार्टरावांनी तिचा चौकोन इतका जाड रंगवला की कागद खालून ओला झाला.

मेहुण्याने शब्द पाळला. रविवारी सकाळीच तो खोलीवर जाणार होता. चार्टरावांना चित्रीकरण होतं, म्हणून त्यांनी त्याला दारातच निरोप दिला, पाठीवर थाप मारली, तोंडभर आशीर्वाद दिला. सेटवर दिवसभर त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही प्रसन्नता होती की थोरलीने दोन पानं जास्तीची दुःखं सांगितली. आता घरी जायचं, चपला काढायच्या, आणि अंग टाकायचं. लांबच्या लांब.

संध्याकाळी ते घरात शिरले, चपला काढल्या, आणि तसेच उभे राहिले.

दिवाणखाना केवढा मोठा दिसत होता. खिडकीतून झुळूक येत होती, टीव्ही बरोबर नाकासमोर होता आणि मध्ये फरशीवर एक लांबट चौकोन होता, भोवतालच्या फरशीपेक्षा जरा उजळ. सोफ्याच्या आकाराचा.

"सोफा?" त्यांनी विचारलं.

"दिला त्याला," बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "त्याला दुसऱ्या कशावर झोप लागत नाही, तुम्हाला माहितीये. झोप लागली नाही तर लिहील कसा? आणि त्याने लिहिलं नाही तर तो परत इथेच येईल. टेम्पोवाल्याने एकट्याने चढवला, बाई! केवढी ताकद."

चार्टरावांनी या युक्तिवादात फट शोधली. ती सापडेना. त्यांना भिंतीचा आधार घ्यावासा वाटला. बायकोने तीच डुगडुगणारी खुर्ची ओढून त्यांना बसवलं, स्वतः स्टूल घेतलं आणि त्यांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली.

"कालचा भाग बघितला मी," ती म्हणाली. "थोरलीने तुम्हाला सगळं सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. एकदासुद्धा टीव्हीकडे बघितलं नाहीत."

टीव्हीतल्या घरात टीव्ही नव्हता, हे सांगायला चार्टराव तोंड उघडणार होते. पण ती पुढे बोलू लागली होती.

"खरं सांगू? मला तो सोफा कधी आवडलाच नाही. तुम्ही एक दिवस घेऊनच आलात. मला विचारलंसुद्धा नाहीत. मला तिथे, खिडकीपाशी, दोन खुर्च्या हव्या होत्या. समोरासमोर. सोफ्यावर काय होतं, माणसं शेजारी बसतात आणि दोघं मिळून टीव्हीकडे बघतात. मी आपली वाट बघायचे, जाहिराती लागल्या की सांगीन. जाहिराती लागल्या की तुम्ही म्हणायचात, थांब, बघू दे कोणाच्या आहेत." ती हसली. मग हसायची थांबली. "आईचं आजारपण सुरू झालं ना, ते मी तुम्हाला जाहिरातीत सांगितलं होतं. तुम्ही 'बरं' म्हणालात."

चार्टरावांना ते आठवेना. आणि आठवत नाही, याचीच त्यांना लाज वाटली. लोक कोणत्या क्षणाला उठून जातात, कोणत्या क्षणाला थांबतात, हे अख्ख्या गावाचं त्यांना तोंडपाठ होतं. आणि ही बाई एवढी वर्षं आपल्या शेजारी बसून जाहिरातींची वाट बघत होती, याचा त्यांना पत्ताच नव्हता. ती बोलत होती, आईबद्दल, भावाला घरात ठेवून घेतलं त्याबद्दल, तो जागा तर अडवायचा पण निदान दुपारी "ताई, मग काय झालं?" असं विचारायचा त्याबद्दल. चार्टराव ऐकत होते. चार्ट नाही, आकडा नाही, फक्त ऐकत होते. सोफा केव्हा डोक्यातून गेला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. तिच्यावर माया आली, आणि ती किती दिवसांनी आली हे जाणवून आणखी आली.

त्यांना एक वाक्य सुचलं. ते ना त्यांनी पाठ केलेल्या वाक्यांत होतं, ना सवयीच्या. 'उद्याच जाऊ आणि खिडकीपाशी दोन खुर्च्या घेऊन येऊ. तुझ्या पसंतीच्या.' असं वाक्य त्यांना जन्मात सुचलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला, तिचा हात हातात घेतला आणि तोंड उघडलं.

बायकोने पटकन त्यांच्या ओठांवर बोट ठेवलं.

"अंहं," ती प्रेमाने म्हणाली. "बोलू नका. आत्ता कुठे तुम्ही मला आवडायला लागलाय."